खार (कोकण)

कोकण किनाऱ्यावर ‘खार’ने सुरू होणारे बरेच शब्द संस्कृत ‘क्षार’कडे जातात: खार जमीन, खारफुटी, खारवणे. झाडावरची खार आणि सुकी खारीक यांचा मिठाशी संबंध नाही, नुसती अक्षरे जुळतात.

खार जमीन म्हणजे भरतीचे पाणी बांधाने अडवून खाडीकाठी पिकवलेली भातजमीन. अलिबाग-पेणचा खारेपाट हा तिचा मोठा पट्टा. 1933 ते 1939 चा चरीचा शेतकरी संप इथलाच. बांध चिकणमातीचा असतो, पण खरे काम उघाडीचे, म्हणजे बांधात बसवलेल्या पाण्याच्या दाराचे. तिची झडप खाडीच्या बाजूला, वरून बिजागरीवर टांगलेली असते. भरतीचे पाणी झडप चौकटीवर दाबून बंद करते. ओहोटीला आतले पावसाचे पाणी ती ढकलून बाहेर पडते. फटीत एखादे लाकूड अडकले तरी झडप नीट बसत नाही आणि उधाणाला शेतात खारे पाणी शिरते. खेकड्यांची बिळे त्याहून वाईट, कारण गळती आतून वाढत जाते आणि दिसेपर्यंत बांधाला खांड (भगदाड) पडते. म्हणून उधाणाआधी बांधावरून चालत जाऊन बिळे चिखलाने ठोकून बुजवावीत.

मातीची विद्युतवाहकता (तिच्यातल्या क्षारांचे माप) 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. भाताचे उत्पन्न 3 च्या पुढेच घटू लागते. उन्हाळ्यात खालचे पाणी वर ओढले जाऊन सुकते आणि पांढरा थर उरतो. कापणीनंतर लगेच नांगरले तर ही ओढ तुटते. पेरणीआधी पावसाचे पाणी शेतात साठवून उघाडीतून सोडत राहावे. मोड आणलेले बी फोकून पेरतात, त्याला ‘रहू’ म्हणतात. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल 1’, ‘2’ आणि ‘3’ ही क्षार सोसणारी भातवाणे दिली आहेत.

बांधाबाहेरची खारफुटी, म्हणजे तिवर, कांदळ, चिपी, लाटांचा जोर मोडते. ती तोडून बांध उंच करणे हा तोट्याचा व्यवहार आहे. तिवराच्या पानावरून बोट फिरवून चाटले तर मीठ लागते. झाड ते पानांतूनच बाहेर टाकते.

खारवण्यासाठी बांगडा चिरून कल्ले आणि आतडी काढतात, तीन-चार वाट्यांना एक वाटा जाडे मीठ चोळतात. कल्ला राहिला तर तिथूनच वास सुटतो. दमट हवेत ठेवलेल्या खाऱ्यावर पुढे लालसर डाग येतात. ते मिठातच वाढणाऱ्या जिवाणूंचे असतात.

‘खार’ने सुरू होणारे गाव म्हणजे कणकवली तालुक्यातले खारेपाटण. ते शिलाहार घराण्यातल्या रट्टराजाच्या 1008 च्या ताम्रपटामुळे इतिहासात प्रसिद्ध आहे.