लाळसंसर्ग

लाळसंसर्ग : एकाची लाळ दुसऱ्याच्या तोंडात, नाकात किंवा जखमेत जाऊन होणारा रोगजंतूंचा प्रसार. चुंबन हा त्याचा सर्वांत थेट मार्ग. एकाच पेल्याला तोंड लावून पिणे, आपल्या तोंडातला चमचा बाळाच्या तोंडात घालणे, दुसऱ्याचा टूथब्रश वापरणे हे इतर मार्ग. मराठी घरांत ‘उष्टे’ हा शब्द आरोग्याच्या आधी आचाराचा आहे. उष्टे खाऊ नये असे लहानपणापासून बजावले जाते आणि बाळाला पहिला घास भरवण्याच्या सोहळ्याचे नाव मात्र ‘उष्टावण’. लाळेविषयीची भीती आणि जिव्हाळा दोन्ही आपल्याकडे जुने आहेत, पण भीती बहुतेकदा भलत्याच आजाराची धरली जाते.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यातील लायसोझाइम हे विकर (एन्झाइम) जिवाणूंची भित्तिका फोडते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी त्याचे वर्णन १९२२ मध्ये, म्हणजे पेनिसिलिनच्या आधी काही वर्षे, प्रसिद्ध केले. लाळेत जंतूंशी लढणारी प्रतिपिंडेही असतात. मानवी तोंडात आजवर जिवाणूंच्या ७०० हून अधिक जाती आढळल्या आहेत. नेदरलँड्समध्ये २१ जोडप्यांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दहा सेकंदांच्या दीर्घ चुंबनात सरासरी ८ कोटी जिवाणू एका तोंडातून दुसऱ्यात जातात, असे दिसले. आकडा दचकवणारा असला तरी त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात. आजार होतो तो त्यांतल्या मोजक्या जंतूंमुळे आणि विषाणूंमुळे.

चुंबनाचे नावच (‘किसिंग डिसीज’) ज्याला चिकटले तो आजार म्हणजे संसर्गजन्य मोनोन्यूक्लिओसिस. जर्मन वैद्य एमिल फायफर यांनी १८८९ मध्ये त्याचे ‘ग्रंथिज्वर’ म्हणून वर्णन केले, आजचे नाव १९२० मध्ये पडले. त्याला कारणीभूत असलेला एपस्टाइन-बार विषाणू १९६४ मध्ये सापडला तो वेगळ्याच शोधात, आफ्रिकेतील मुलांच्या बर्किट लिम्फोमा या कर्करोगाच्या पेशींत. ग्रंथिज्वर त्याच विषाणूमुळे होतो हे १९६८ मध्ये उलगडले. संसर्गानंतर चार ते सहा आठवड्यांनी ताप, तीव्र घसादुखी, मानेत गाठी आणि महिनाभरही न हटणारा थकवा येतो. टॉन्सिलची सूज समजून अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक दिले, तर पुष्कळ रुग्णांच्या अंगावर पुरळ उठते. प्लीहा (पानथरी) सुजते आणि क्वचित फुटते, म्हणून किमान तीन आठवडे कबड्डी, कुस्तीसारखे खेळ बंद ठेवतात. विषाणू नंतर जन्मभर शरीरात राहतो आणि अधूनमधून लाळेत उतरतो. जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांना तो कधी ना कधी गाठतोच. भारतात तो बहुधा लहानपणीच, लक्षणांशिवाय होऊन जातो. म्हणून पाश्चात्त्य देशांतल्या महाविद्यालयांत सर्वांना माहीत असलेला हा आजार आपल्याकडे फारसा कानावर येत नाही.

खरी काळजी तान्ह्या बाळाची. तापानंतर किंवा दगदगीनंतर ओठाच्या कडेला येणारे पाणीदार फोड हर्पिस सिम्प्लेक्स-१ या विषाणूचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतील सुमारे दोन-तृतीयांश लोकांत हा विषाणू आहे. तो चेहऱ्याच्या चेतागुच्छात (मज्जातंतूंच्या गाठीत) दडून राहतो आणि पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. मोठ्या माणसाला त्याचा त्रास आठवडाभराचा. पहिल्या चार आठवड्यांतल्या बाळाच्या मात्र मेंदूत, यकृतात आणि फुप्फुसांत तो पसरू शकतो. सर्वांगात पसरलेल्या आणि उपचार न झालेल्या नवजात हर्पिसमध्ये बहुसंख्य बाळे दगावतात. यातली बरीच बाळे प्रसूतीच्या वेळी आईकडून बाधित होतात, पण काहींना तो जन्मानंतर कोणाच्या तरी पाप्यातून मिळतो. बारसे बाराव्या दिवशी येते, नेमके या नाजूक काळात, आणि त्या दिवशी बाळ दहा हातांतून फिरते. ओठावर फोड असलेल्याने बाळाचा पापा घेऊ नये, हे सांगताना यजमानांनी संकोचू नये. आत्या-मावशी रुसली तरी चालेल. बाळंतिणीने आणि बाळाने सव्वा महिना घरात राहण्याची जुनी चाल या बाबतीत हिताचीच आहे. आईच्याच ओठावर फोड असेल तर हात धुऊन, मास्क लावून, पापा न घेता तिने बाळाला जवळ घ्यावे. स्तनावर फोड नसेल तर अंगावर पाजणे थांबवू नये. बाळ दूध ओढत नसेल, मलूल पडले असेल, ताप आला असेल किंवा अंग गार पडत असेल, तर अंगावर फोड दिसण्याची वाट पाहू नये. अनेक बाळांना ते उठतच नाहीत. शिरेतून वेळेवर दिलेले असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध प्राण वाचवते.

गालगुंडाचा विषाणू लाळग्रंथींतच वाढतो आणि गाल सुजण्याच्या आधीपासून लाळेत असतो. त्यावर एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आहे. मेनिंगोकॉकस हा मेंदूज्वराचा जिवाणू काही निरोगी माणसांच्या घशात नुसताच राहतो आणि निकटच्या चुंबनातून पुढे जातो, म्हणून रुग्णाच्या घरातील माणसांना आणि जोडीदाराला प्रतिबंधक प्रतिजैविक देतात. दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स बाळाला बहुधा आईच्याच लाळेतून मिळतो. घास आधी स्वतः चाखण्याची किंवा चावून देण्याची सवय त्याला मदत करते. लहान मुलांच्या लाळेत सायटोमेगॅलोव्हायरसही पुष्कळदा असतो. गर्भाला तो घातक ठरू शकतो, म्हणून गर्भवतीने मोठ्या लेकराचा पापा ओठांऐवजी कपाळावर घ्यावा आणि त्याचे उष्टे खाऊ नये.

एचआयव्ही लाळेतून पसरत नाही. क्षयरोगही चुंबनाने, उष्ट्याने किंवा एकाच ताटात जेवल्याने होत नाही. तो फुप्फुसाच्या रुग्णाच्या खोकल्यातून हवेत गेलेल्या सूक्ष्म कणांतून होतो. तरीही कितीतरी घरांत क्षय झालेल्या सुनेचे ताट-वाटी वेगळे काढतात, तिच्या हातचे पाणी घेत नाहीत, आणि ती मात्र दारे-खिडक्या बंद असलेल्या खोलीत सगळ्यांसोबत झोपते. त्या वेगळ्या ताटाने घरातल्या एकाचाही संसर्ग टळत नाही. तो टळतो खेळत्या हवेने, खोकताना तोंडावर रुमाल धरल्याने आणि औषध एक दिवसही न चुकता घेतल्याने.