कोरोनाच्या मृत्यूमागे दवाखान्याला दीड लाख? नाही!

बेळगावात, खानापुरात, निपाणीत आजही कुणी ना कुणी म्हणतंच : "सरकार एका मृत्यूमागे दवाखान्याला दीड लाख द्यायचं, म्हणून साध्या तापाचं माणूसही कोरोनात धरलं."

अशी कोणतीही योजना नव्हती. सरकारने पाठवलेल्या रुग्णांसाठी कर्नाटकने खासगी दवाखान्यांना दिवसाचे दर ठरवून दिले होते. साध्या वॉर्डला 5,200 रुपये, व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभागाला 10,000. पैसे उपचारांचे होते, मृत्यूचे नव्हे. 2021 मध्ये मृतांच्या वारसांना 50,000 जाहीर झाले, शिवाय बीपीएल कुटुंबांना राज्याचे एक लाख. बेरीज दीड लाखच, पण ती घरच्यांसाठी!

राहिला आकड्यांचा प्रश्न. संशय घ्यावा तर उलट्या दिशेने. देशात 2020 मध्ये सुमारे 81 लाख मृत्यूंची नोंद झाली, 2021 मध्ये 1 कोटी 2 लाख. म्हणजे वाढ जवळपास 21 लाखांची; त्या वर्षी कोरोनाचे जाहीर मृत्यू मात्र साडेतीन लाखांहून कमी. सगळी वाढ कोरोनाचीच म्हणता येणार नाही, पण फुगवलेले आकडे असे दिसत नाहीत.

लोकांचा राग मला समजतो. बेळगावच्या वडगाव-शहापुरातले माग थांबले, महाराष्ट्राच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर निगेटिव्ह रिपोर्टविना माणसं अडवली गेली, हातावरचं पोट असलेल्यांचे हाल झाले. पण या अफवेने नुकसान आपलंच केलं. भीतीने कित्येकांनी तपासणी टाळली, आणि पुढे मदतीच्या अर्जाला जोडायला पॉझिटिव्ह रिपोर्टच हाती नव्हता.