आकार शिकवण्याची सुरुवात ठोकळ्यापासून झाली होती

लहान मुलाला आकार शिकवायचे म्हटले की घरात पहिल्यांदा तक्ता येतो. लाल वर्तुळ, निळा चौरस, पिवळा त्रिकोण. बोट ठेवायचे आणि नाव म्हणून घ्यायचे. हाताने काहीतरी करायला लावून भूमिती शिकवण्याची कल्पना ज्यांनी रुजवली, त्यांचा क्रम मात्र जवळजवळ उलटा होता.

स्वित्झर्लंडमध्ये शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझी यांनी १८०३ च्या सुमारास रेषा, कोन आणि चौरस यांच्यापासून निरीक्षण व रेखाटन शिकवायची पद्धत मांडली. तीही पाटीवरच्या रेघांमध्येच राहिली. त्यांच्या इव्हर्दों इथल्या शाळेत दोन वर्षे काढलेले जर्मन शिक्षक फ्रेडरिक फ्रोबेल पुढे बर्लिनच्या खनिज संग्रहालयात स्फटिकांची वर्गवारी लावण्याचे काम करत होते. दिवसभर स्फटिकांचे पैलू न्याहाळणाऱ्या या माणसाने नंतर मुलांसाठी खेळणी केली, ती लाकडी ठोकळ्यांची. यात मला तरी योगायोग वाटत नाही.

१८३७ मध्ये त्यांनी जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी काम सुरू केले आणि १८४० मध्ये त्याला 'किंडरगार्टन' हे नाव दिले. त्यांच्या साधनांना ते 'भेटी' म्हणत. पहिल्या भेटीत लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसऱ्या भेटीत लाकडी गोल, घन आणि त्या दोघांमधला दुवा म्हणून नळकांडे. ही साधने दोऱ्याने टांगता येत. घन एका बाजूच्या मध्यावर टांगून जोरात फिरवला की त्याच्या कडा पुसट होतात आणि नळकांडे दिसू लागते. तोच घन कोपऱ्यावर टांगून फिरवला की वर आणि खाली एकेक शंकू आणि त्यांच्यामध्ये आत वळलेली कंबर दिसते. तिसऱ्या भेटीतला घन आठ छोट्या घनांत सुटा होई. पुढे सपाट पाट्या, मग काड्या, कड्या आणि शेवटी ठिपक्यांसाठी बिया. म्हणजे भरीव वस्तूपासून पृष्ठ, पृष्ठापासून रेषा, रेषेपासून बिंदू.

कलाकामात हाच रस्ता उलटा चालायचा: सुईने टोचणे, दोऱ्याने शिवणे, रेखाटणे, कागदी पट्ट्या विणणे, घडीकाम, कातरकाम आणि शेवटी माती. भिजवलेल्या वाटाण्यांत काड्या खोचून घनाचा सांगाडा करायचा; वाटाणा वाळला की सांधा घट्ट बसतो. कडा किती आणि कोपरे किती, हे वेगळे सांगावे लागत नाही. काडी कमी पडली की बांधकाम उभेच राहत नाही.

हे सगळे फक्त शाळेसाठी नव्हते. १८४४ मध्ये फ्रोबेल यांनी आयांसाठी गाण्यांचे आणि बोटांच्या खेळांचे पुस्तक काढले. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात त्यांची साधने पाहून एका आईने ती आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी घेतली. बालवाडीचे वय उलटून गेलेला तो मुलगा म्हणजे पुढचा वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट. कागदाच्या घड्या तर गणितापर्यंत पोहोचल्या: मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी घडीकामातून भूमिती मांडणारे पुस्तक १८९३ मध्ये लिहिले, ते बालवाडीतल्या घडीकामावरून सुचल्याचे त्यांनीच नोंदवले आहे.

फ्रोबेल यांच्या मागे अनुयायांनी मात्र या खेळाची कवायत केली. चौकटी आखलेली मेजे, सगळ्यांनी एकाच वेळी एकच घडी. पुढच्या शिक्षणतज्ज्ञांनी यावर टीका केली आणि ती रास्तच होती.

१९०७ मध्ये रोममध्ये मारिया माँटेसरी यांनी वेगळी वाट धरली. लाकडी आकाराची कड दोन बोटांनी फिरून अनुभवायची आणि तो आकार त्याच्या खाचेत बसवायचा. चुकले तर तो बसत नाही. मोठ्यांनी बोलायची गरज उरत नाही. धातूच्या चौकटीतून आकार गिरवून आत रंगीत पेन्सिलीने रेघा भरायच्या, हे काम मुळात अक्षर वळणदार होण्यासाठी हात तयार करायला होते.

तक्ता कुठे कमी पडतो, याचे उत्तर १९५७ मध्ये हॉलंडमधल्या दिना आणि पिएर व्हान हीले या शिक्षक दांपत्याच्या प्रबंधांतून मिळाले. लहान मूल आधी संपूर्ण चित्र ओळखते, गुणधर्म नंतर. म्हणून चौरस टोकावर उभा केला की ते त्याला पतंग म्हणते, आणि टोक खाली असलेला त्रिकोण त्याला त्रिकोणच वाटत नाही. हातात कापलेला कागद असला, तर तो वळवताना 'हाच तो' हे त्याच्या डोळ्यांदेखत घडते. पिएर यांनी १९९९ मध्ये लिहिलेल्या लेखातही सुरुवात व्याख्येने होत नाही. एका आयताचे सात तुकडे मुलापुढे ठेवायचे आणि ते जोडून त्याला काय काय करता येते ते पाहायचे, असे त्यांनी सुचवले आहे.