कऱ्हाड लिहिलं, तरी कऱ्हाड सापडेना

रविवारी सकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, तुमच्या त्या कम्प्युटरचं काही खरं नाही. पुस्तक आहे म्हणतात आणि शोधलं की शून्य."

सांगलीतल्या एका वाचनालयात मी सुट्टीच्या दिवशी जाऊन बसतो. जुन्या दाखल नोंदवह्यांतली पुस्तकं संगणकावर चढवायची, हे काम. पगार नाही, चहा मिळतो. भाचा इतिहासात एम. ए. करतोय. कृष्णा-कोयनेच्या संगमाविषयी त्याला जुनं काहीतरी हवं होतं, आणि पुस्तकाच्या नावात 'कऱ्हाड' आहे एवढंच त्याच्या सरांना आठवत होतं. आमच्याकडे ते नव्हतं. सातारा जिल्ह्यातल्या एका वाचनालयाची यादी नेटवर आहे, तिथे मीही 'कऱ्हाड' टाकून पाहिलं. शून्य. 'कराड' टाकलं, तर भलतीच पुस्तकं आली. शेवटी तिथल्या ग्रंथपाल बाईंना फोन लावला.

"आहे की! माझ्या समोर दिसतंय. कऱ्हाडच लिहिलंय."

माझ्या पडद्यावर कऱ्हाड, त्यांच्या पडद्यावर कऱ्हाड, आणि दोघांची गाठ पडत नव्हती. गोम त्या अर्ध्या र मध्ये होती. संगणकाला अक्षर दिसत नाही, त्याला आकडे दिसतात. युनिकोड म्हणजे जगभरातल्या अक्षरांना आकडे देणारी पद्धत. तीत साधा र म्हणजे २३५२. त्याखाली टिंब असलेला ऱ म्हणजे २३५३. मी 'ऱ्ह' लिहिलं ते २३५३, मग पाय मोडायचा २३८१, मग ह चा २३६१. बाईंकडे ज्याने नोंद केली त्याच्या कीबोर्डने साधा २३५२ घेतला, पाय मोडला, मध्ये ८२०५ हा एक अदृश्य जोडक घातला आणि पुढे ह लावला. जोडकाला रुंदी नाही, रूप नाही. तो फक्त सांगतो, की रफार करू नकोस, र चा अर्धा चंद्र ठेव. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण ज्या शोधयंत्राला हा फरक सोडून द्यायला शिकवलेलं नाही, त्याच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. आणि ज्याला अर्धा चंद्र उमटवताच येत नाही तो 'कर्हाड' लिहून मोकळा होतो, ते तिसरंच.

ग्रंथालयं एकमेकांना पुस्तकं देतात असं आपण म्हणतो. खरं तर आधी नोंद जाते, पुस्तक मागाहून. नोंदच अडली तर पुस्तक शेजारच्या गल्लीत असून नसल्यासारखं.

नोंदीची ही देवघेव यंत्रावर आली १९६० च्या दशकात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्ह्रम या संगणक प्रोग्रॅमर बाईंनी 'मार्क' नावाची नोंदीची घडण बसवली. पुस्तकाच्या प्रत्येक माहितीला आकड्याचा कप्पा: लेखक १०० मध्ये, शीर्षक २४५ मध्ये, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, ०२० मध्ये. जुन्या नोंदीचं कागदी कार्ड वाचायला माणूस लागतो, हे कप्पे यंत्रही वाचतं. मग १९६७ मध्ये ओहायो राज्यातली कॉलेजं एकत्र आली आणि २६ ऑगस्ट १९७१ पासून त्यांची सामाईक तालिका तारेवरून चालू झाली. एकाने पुस्तकाची नोंद केली की बाकीच्यांनी ती उचलायची, खाली फक्त 'आमच्याकडेही आहे' एवढं लिहायचं. त्यातूनच आजचं वर्ल्डकॅट, म्हणजे जगभरातल्या ग्रंथालयांची सामाईक यादी, उभं राहिलं. भारतात दिल्लीचं डेलनेट हे ग्रंथालयांचं जाळं १९८८ मध्ये सुरू झालं, आणि १९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांची ग्रंथालयं जोडायला हाती घेतलेला इन्फ्लिबनेट प्रकल्प आज गांधीनगरहून चालतो.

आम्ही जी प्रणाली वापरतो ती 'कोहा'. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेसाठी बनवली, २००० साली सुरू झाली आणि सगळ्या जगाला फुकट वाटली. कोहा हा माओरी शब्द, अर्थ भेट. पण आपल्या आहेरासारखी, परतफेड मनात धरलेली. कोहामध्ये बसल्या जागी दुसऱ्या ग्रंथालयाच्या यंत्राला विचारता येतं, की या आयएसबीएनची नोंद आहे का? असेल तर कप्पे आपोआप भरतात. इंग्रजी पुस्तकांचा गठ्ठा मी तासाभरात संपवतो. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएनच नाही, कारण तो क्रमांक आला १९७० च्या सुमारास. तिथे एकेक अक्षर हाताने.

आणि मराठीचे खेळ केवढे! १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, म्हणून मुखपृष्ठावर 'नाटकें' असतं आणि वाचक 'नाटके' शोधतो. सांगलीतच १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' रंगवणारे विष्णुदास भावे मूळचे विष्णु अमृत भावे. कोणी विष्णू लिहितं, कोणी विष्णु. देवल कुठे गोविंद बल्लाळ, कुठे गो. ब. युनिकोडच्या आधीचं टंकलेखन तर विचारूच नका. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली असायची. फाँट गेला की उरतो इंग्रजी अक्षरांचा चिवडा. कार्डांच्या काळात यावर उपाय होता, एक जादा कार्ड: 'कराड – पहा: कऱ्हाड'. संगणकातही तशी सोय आहे, पर्यायी नावांचा कप्पा आहे. तो भरायचा कंटाळा आम्ही करतो, हा दोष यंत्राचा नाही.

भाचा म्हणाला, "एवढं कशाला, स्कॅन करून पाठवा की." लेखक हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं आपल्याकडे कॉपीराइट असतो. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, त्यांची नाटकं २००९ पासून मोकळी. नव्या पुस्तकाला तसं करता येत नाही. ई-पुस्तकाची गंमत आणखी वेगळी. कागदी प्रत विकत घेतली की ती वाचनालयाची. शंभर जणांना द्या. ई-पुस्तकाचा बहुधा परवानाच मिळतो, आणि तो दुसऱ्या ग्रंथालयाला द्यायची मुभा क्वचित. जी वस्तू क्षणात कुठेही पोहोचते तीच उसनी देता येत नाही! संशोधन नियतकालिकांसाठी सरकारने २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यता' आणली आहे: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० नियतकालिकं. पण ती सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी. आमच्या खिडकीपर्यंत ती येत नाही, आणि मला हे खटकतं.

सामाईक यादीची खरी किंमत आम्हाला २०१९ च्या ऑगस्टमध्ये, कृष्णेच्या पुरात कळली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. गुळगुळीत कागदाची भिजलेली पुस्तकं वाळली की विटेसारखी होतात. कागदावरचा मातीचा लेप पाण्यात मऊ पडतो आणि पानं एकमेकांना चिकटतात. पुस्तकं गेली त्याहून वाईट म्हणजे दाखल नोंदवह्या खालच्याच कप्प्यात होत्या. काय गेलं हेच सांगता येईना. ज्यांच्या नोंदी आधी बाहेर गेल्या होत्या, तेवढ्यांच्याच दुसऱ्या प्रती आज कुठे आहेत ते शोधता येतं.

बाईंनी त्या नोंदीत तिन्ही रूपं भरली. भाच्याचं पुस्तक गुरुवारी आलं, साताऱ्याहून येणाऱ्या एका सभासदाच्या पिशवीतून, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. भाच्याने तिथेच उभ्याने पान उलटलं आणि हसायला लागला. पहिल्याच प्रकरणात गावाचं जुनं नाव होतं, करहाटक.

"मामा, आता हेही चढवा."