पिपेटच्या टोकाशी उरलेला थेंब

पिपेटमधलं, म्हणजे द्रव मोजून सोडायच्या काचेच्या नळीतलं, द्रावण सोडून झालं, तरी टोकाशी थोडंसं अडकून राहतंच. नवशिक्याला ते बघवत नाही. तो रबरी फुगा दाबून तेही खाली पाडतो, आणि तिथेच माप चुकतं. साध्या पिपेटवर खूण करतानाच हा उरणारा अंश वगळलेला असतो. टोक भांड्याच्या भिंतीला टेकवायचं, द्रव आपोआप ओघळू द्यायचा. उरलं ते उरू द्यायचं. अ वर्गाच्या, म्हणजे सर्वांत अचूक दर्जाच्या, 10 मिलीच्या पिपेटला 0.02 मिलीची चूक माफ असते, आणि पाण्याचा एक थेंबच साधारण 0.05 मिलीचा! (काही पिपेटींतला शेवटचा थेंब मात्र बाहेर काढायचाच असतो. त्यांच्यावर तशी खूण असते, ती आधी बघावी.)

आकारमानाचं हे असं. वस्तुमानाचं तरी सरळ असेल असं वाटतं, पण इलेक्ट्रॉनिक तराजू वस्तुमान मोजतच नाही. पारड्यावर पडणारा जोर, म्हणजे वजन, त्याला कळतं. ग्रॅमचा आकडा तो त्यावरून काढतो. विषुववृत्तावर जुळवलेला तराजू तसाच ध्रुवावर नेला, तर 100 ग्रॅमची वस्तू तो सुमारे 100.5 ग्रॅम दाखवेल. वस्तू तीच, गुरुत्वाची ओढ तेवढी वाढलेली. म्हणून जागा बदलली की प्रमाणित वजन ठेवून तराजू पुन्हा जुळवून घेतात. जुन्या दोन पारड्यांच्या तराजूला ही कटकट नव्हती, कारण ओढ दोन्हीकडे सारखीच वाढते.

गरम मूस (पदार्थ तापवायचं छोटं भांडं) तर पारड्यावर कधीच ठेवू नये. तिच्याभोवतीची हवा तापून वर चढते, पारड्यालाही उचलू पाहते, आणि आकडा कमी येतो.

पिपेट खरी आहे की नाही, हेही शेवटी तराजूच सांगतो: तिने सोडलेलं शुद्ध पाणी तोलायचं. 20 अंश सेल्सिअसला 10 मिली पाण्याचं वस्तुमान 9.982 ग्रॅम असतं. तराजूवर मात्र 9.972 च्या आसपास दिसतं, कारण पाणी जी हवा बाजूला सारतं ती त्याला किंचित वर उचलून धरते. तराजू ज्या पोलादी वजनांनी जुळवतात, त्यांना हवा इतकं उचलत नाही. ती दाट असल्याने जागा कमी व्यापतात. हे 10 मिलिग्रॅम हिशेबात धरले नाहीत, तर पिपेटला माफ असलेली निम्मी चूक हवेनेच खाल्लेली असते.