थेरपिस्टला किती मिळतात? मुंबईतली मागची गोष्ट

माझी मावसबहीण काउन्सेलर आहे, दादरला बसते, आणि घरी कुठलंही कार्य असलं की कोणीतरी काका तिला विचारतोच, "मग तुम्हाला तासाचे दोन हजार मिळत असतील ना?" ती हसते आणि पुढे पंगतीत वाढायला जाते. उत्तर द्यायचं तर बरंच मागे जावं लागतं म्हणून बहुतेक.

आमच्या लहानपणी "याला ठाण्याला न्या रे" म्हटलं की पुढे काही सांगावं लागायचं नाही. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 पासूनचं, आणि कित्येक वर्षं सर्वसामान्य माणसाच्या डोक्यात मनाचा इलाज म्हणजे तेवढाच होता. तो सरकारी, म्हणजे फीचा प्रश्नच नाही.

बोलून इलाज करायचा हा दुसरा प्रवाह मुंबईत आला तो समाजसेवेच्या दारातून. 1936 ला नागपाड्यात समाजकार्याची एक शाळा सुरू झाली, तीच पुढे टिस, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. तिने 1937 मध्ये चाइल्ड गाइडन्स क्लिनिक काढलं, देशातलं पहिलं. शाळेत न रमणारी, चोऱ्या करणारी, अंथरूण ओलं करणारी पोरं तिथे यायची, आणि त्यांच्याशी, आईबापांशी बोलणारी माणसं होती समाजकार्यकर्ते. आता हे नीट बघा, या शहरात समुपदेशनाची सुरुवातच सेवा म्हणून झाली, धंदा म्हणून नाही, आणि सेवेची पावती फाडायची आपल्याकडे लाज वाटते. पुढे पालिकेच्या हॉस्पिटलांत नाममात्र पैशांच्या केसपेपरवर मानसोपचार मिळायला लागले तेव्हा तर "बोलायचे कसले पैसे?" हे लोकांच्या मनात पक्कंच बसलं.

खाजगीत फी होती ती डॉक्टरची. मानसोपचारतज्ज्ञ एमडी, गोळ्या लिहिणार, त्याची पाटी बाहेर, आणि आतल्या छोट्या खोलीत एक मॅडम टेस्ट घ्यायच्या, बोलायच्या, त्यांना पेशंटमागे हिस्सा नाहीतर महिन्याचं ठरलेलं पाकीट. 1990 ला ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही मनाच्या आरोग्याची संस्था सुरू केली त्यानंतर मराठी मध्यमवर्ग काउन्सेलिंगला जरा उघडपणे जायला लागला असं माझं मत, पण तेही ट्रस्टच.

आता कायद्याकडे, कारण खरी गोची तिथेच आहे. 1992 च्या कायद्याने आरसीआय म्हणजे पुनर्वास परिषदेला अधिकार मिळाले आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, म्हणजे गोळ्या न देता मानसिक आजार तपासणाऱ्या, त्यावर बोलून उपचार करणाऱ्यांची, नोंदणी तिच्याकडे गेली. त्यासाठी दोन वर्षांचं एमफिल लागायचं, सीट्स मोजक्या, म्हणून आपल्याकडची पोरं बंगलोर, रांचीपर्यंत जायची. बाकी एमए करून काउन्सेलिंग करणाऱ्या सगळ्यांसाठी ना नोंदणी ना लायसन्स, म्हणजे पाच वर्षं शिकलेली माझी बहीण आणि दोन वीकेंडचा कोर्स करून "लाइफ कोच" झालेला माणूस, दोघांनाही पाटी लावायला सारखीच मोकळीक, आणि तो तिच्या दुप्पट फी घेतो! एमफिलचंही नंतर भजं झालं, यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एमफिलच बंद केलं आणि मग जानेवारी 2024 मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्क या दोघांपुरती 2025-26 पर्यंत मुदत वाढवून दिली.

रील्समध्ये जो "लायसन्स्ड थेरपिस्ट" दिसतो तो अमेरिकेतला प्राणी आहे. कॅलिफोर्नियाने कुटुंब समुपदेशकांना 1963 मध्येच लायसन्स लावलं, आज तिथे मास्टर्सनंतर 3000 तास कोणाच्या तरी देखरेखीखाली काम केल्यावर परीक्षेला बसता येतं. आणि एवढं करून देशभरातल्या मेंटल हेल्थ काउन्सेलरचा मधला पगार मे 2023 च्या सरकारी आकड्यांत वर्षाला 53,710 डॉलर. रुपयात गुणून डोळे मोठे करू नका, तिथल्या हिशोबाने तो बेताचाच.

आपल्याकडे 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आला, विमा कंपन्यांनी मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरायचा असं त्यात लिहिलं, पण बहुतेक पॉलिसी अ‍ॅडमिट झाल्यावर पैसे देतात, दर गुरुवारच्या सेशनचे नाही. ते क्लायंटच्या खिशातूनच जातात. कोविडमध्ये सगळं फोनवर, व्हिडिओवर गेलं, अ‍ॅपवाले आले, त्यांनी सेशनमागे कमिशन कापायला सुरुवात केली, तर दुसरीकडे 2022 पासून सरकारची टेली मानस ही फोनवरच्या मदतीची सेवा, नंबर 14416, फुकट.

तर बहिणीचा महिना. फी 1500. आठवड्याला 14 सेशन ठरतात, होतात 11, बाकीच्यांची ट्रेन लेट, सासूची तब्येत, नाहीतर नुसताच फोन बंद. महिन्याचे 44 धरले तर 66,000. केबिन तासाला 300 ने, आणि क्लायंट नाही आला तरी भाडं द्यायचंच, 56 तासांचे 16,800. महिन्यातून दोनदा सुपरव्हिजन, म्हणजे सीनियरसमोर स्वतःच्या केसेस मांडायच्या, त्याचे 4,000. दोन क्लायंट निम्म्या फीवर, ते 6,000 गेले. हातात 39,200, आणि ते डोंबिवलीहून येण्याजाण्याचा खर्च न धरता. तिच्याच बॅचची एक वांद्र्याला 3000 घेते, तिसरी शाळेत आहे, पगार ठरलेला आणि वर्ग रिकामा असला की बदली तासालाही हीच.

2021 मध्ये अलाइड हेल्थकेअरचा, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून आरोग्यसेवेतल्या बाकीच्यांचा, कायदा झाला, त्यात सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर, समाजकार्यकर्ते हे सगळे यादीत आले, म्हणजे कागदावर तरी पहिल्यांदा यांना कोणीतरी मोजणार. जुलै 2025 ला सुप्रीम कोर्टाने 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक वगैरे नेमावा असं सांगितलं. नोकऱ्या निघतील. पगार किती ते कोर्टाने नाही सांगितलं.

गेल्या महिन्यात तिने फी 1800 करायची ठरवली. क्लायंटना पाठवायचा मेसेज माझ्यासमोर तीनदा टाइप केला, तीनदा खोडला, आणि शेवटी म्हणाली, "नवीन येतील त्यांच्यापासूनच घेते गं."