आरशासारखं पाणी सीप्लेनसाठी सोपं नसतं

तळं आरशासारखं शांत असेल तर सीप्लेन उतरवणं सगळ्यात सोपं, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे आणि शिकाऊ वैमानिकाच्या जिवावर बेतू शकतो. लहरच नसली की पाण्याचा पृष्ठभाग दिसत नाही, दिसतं ते आकाशाचं प्रतिबिंब. पाणी अजून खाली आहे असं वाटत असतानाच फ्लोट (विमानाला पाण्यावर तरंगवणारे खालचे पोकळ भाग) आपटतात, किंवा उंचावरच वेग संपून विमान कोसळतं.

अमेरिकेत सीप्लेन रेटिंगच्या, म्हणजे सीप्लेन चालवण्याच्या परवान्याच्या परीक्षेत अशा पाण्यावर उतरण्याचा वेगळा भाग असतो. किनाऱ्याजवळून यायचं, नाक किंचित वर, इंजिनाची थोडी पॉवर ठेवून मिनिटाला जास्तीत जास्त १५० फुटांनी उतरत राहायचं. पाणी जवळ आलं असेल या अंदाजाने नाक आणखी उचलायचं तर मुळीच नाही. मंद वाऱ्याच्या बारीक लहरींवर उतरणं खरं तर सोपं जातं.